चांदीचं बोंडलं

गोदावहिनी,

सकाळच्या होडीने आगरदांड्याला जाते आहे. तिथे एका कोळणीचं मूल खोकल्याने बेजार आहे आणि घरच्यांनी त्याचं अंगावरचं दूध तोडलंय. कालपासून तुम्हीही मनूचं तेच केलंत. पोरांच्या आजारपणात गावभरच्या आया माझं ऐकतात. तुम्ही मात्र पोर गेलेल्या बाईचा हात त्याला लागू नये म्हणून दार लोटून घेता, म्हणून हे लिहून ठेवते.

दुधाने कफ वाढतो, हे डोक्यातून काढा. मिठाच्या कोमट पाण्याचे दोन थेंब घालून त्याचं नाक मोकळं करा, मग उभं धरून अंगावर पाजा. दमला की थांबा, थोड्या वेळाने पुन्हा घ्या. मधूनमधून पातळ पेज चमच्याने द्या. अगदीच पीत नसला किंवा बरगड्या आत ओढायला लागल्या, तर माझी वाट न बघता दादाला घेऊन डॉक्टरांकडे जा.

फडताळातलं चोचीचं बोंडलं शोधू नका, मी नेलंय. पोराला आडवं घालून, नाक दाबून त्यातून दूध नाहीतर काढा ओतायची आपल्या घरची रीत. खोकणाऱ्या पोराच्या ते श्वासात जातं. होडीतून खाडीत टाकणार आहे. आई चिडेल, चिडू दे.

माझी यमू तापाने गेली, असं मी सगळ्यांना सांगितलं. ती त्या बोंडल्याने गेली, वहिनी. आणि ते माझ्या हातात होतं.

चंद्रा