उंचवटा नव्हता

मी, स्टाइनार ब्रॅट्ली, वय छप्पन्न, राहणार स्कार्व्हनेस, पुढील वस्तू स्वतःच्या हातांनी बनवल्या आहेत: बर्फ ओढायची रुंद फावडी, रेषा आखायची गाडी, पाहुण्या संघाचा बाक (मुद्दाम अरुंद) आणि स्कार्व्हनेस फुटबॉल क्लबचे गवताचे मैदान. मातीचे शास्त्र पुस्तकांतून शिकलो. पुस्तकांतल्या चुका समासात दुरुस्त केल्या आहेत. माझी बुद्धी शाबूत आहे. हे मृत्युपत्र लिहिताना कोणाचा दबाव नाही, कारण मेहुणा टोर्गाइर आज गावाबाहेर आहे.

१. घर, बोट व बँकेतली शिल्लक माझी एकुलती मुलगी सुन्निव्हा हिला. बोटीच्या इंजिनाला सुरू होण्याआधी दोन शिव्या लागतात. तिसरी देऊ नये, ते रुसते.

२. फावडी गावाला. दर वसंतात मैदानावरचा बर्फ काढायला सगळे गाव श्रमदानाला यायचे. टोर्गाइर, म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा आणि क्लबचा अध्यक्ष, नंतर वाफल्स खायला यायचा. त्याला फावडे देऊ नये, सवय नाही.

३. आता मुख्य मालमत्ता. क्लबच्या वरच्या विभागातल्या एका हंगामात आम्ही वसंतात हरत राहिलो, उन्हाळ्यात सामने बरोबरीत सोडवले आणि शेवटचा सामना जिंकलो तरच त्या विभागात टिकणार होतो. सामना संपता संपता आमच्या डाव्या बचावपटूने लांबून चेंडू मारला. तो पाहुण्या संघाच्या गोलकीपरसमोर टप्पा घेऊन उसळला आणि त्याच्या खांद्यावरून जाळ्यात गेला. आम्ही टिकलो. गोलकीपर टीव्हीवर म्हणाला, "तिथे उंचवटा होता."

तिथे उंचवटा नव्हता. आदल्या संध्याकाळी मी पालथा पडून तिथे पाणसळ लावली होती. बुडबुडा मधोमध होता, म्हणजे जमीन सपाट.

पण गावाला उंचवटा आवडला. बेकरीत त्या नावाचा फुगीर पाव निघाला. पुढे टोर्गाइरने मैदानावर प्लास्टिकचे गवत अंथरायचे ठरवले.

"ज्या गवतानं वाचवलं तेच उपटतोस?" मी विचारले.

"अरे, प्लास्टिकला निगा लागत नाही."

"म्हणजे मला काढलंस."

"काढलं कुठे? तुला झाडायचं यंत्र देतोय की."

गवत उपटायची यंत्रे यायच्या आधी मी टप्प्याच्या जागेची गवताची लादी कापून आणली. ती घरामागे जिवंत आहे.

४. सदर लादी सुन्निव्हाला. अट एकच: लादीजवळ 'उंचवटा' हा शब्द असलेली पाटी कधीही लागू नये. सुन्निव्हा म्हणते, "बाबा, असता उंचवटा, तर काय बिघडलं असतं? राहिलोच ना वर?" बाळा, मग तो गोल माझ्या चुकीने झाला असता.

५. पाहुण्या संघाचा बाक टोर्गाइरला. त्याने त्यावरच बसावे.

साक्षीदार: ग्युन्व्होर टाम्नेस, बेकरीवाली, आणि ऑस्मुंड लाइर्विक, निवृत्त पोस्टमन. दोघांनी लादीवर पाणसळ ठेवून पाहिली. ग्युन्व्होरने सहीखाली "बुडबुडा किंचित डावीकडे" असे लिहिले आहे. घरामागची जमीन उतरती आहे आणि तिचा तो पाव अजून विकला जातो, या दोन्हींची नोंद घ्यावी.

स्कार्व्हनेस, १४ जून २०२३.
स्टाइनार ब्रॅट्ली

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर: ऑस्मुंडने विचारले, "टोर्गाइरनं ही लादी मागितली होती म्हणे. खरं का?" खरे आहे. क्लबच्या काचेच्या कपाटासाठी, 'आपल्याला वाचवणारा उंचवटा' अशा पाटीसह, चाळीस हजार क्रोनर. मी म्हणालो, "पाटीवर 'सपाट गवत' लिही आणि फुकट ने."  तो म्हणाला, "पंचावन्न हजार. पण उंचवटा राहील."

नाकारले. पंचावन्न हजार क्रोनर.