राक्षसाला निवेदन

शहापूर, गुरुवार, १२ जानेवारी १९८४

शाळेपासूनचा आमचा तिघांचा खेळ आज संपला. आप्पा गोष्ट रचतो, मी आणि दत्तू तिच्यात उतरतो, पुढचं कवड्या ठरवतात. रविवारी दत्तू कायमचा मुलाकडं पुण्याला जातोय, म्हणून आज गोष्टीतल्या राक्षसाच्या डोंगरापलीकडं पोचायचंच होतं.

दत्तू म्हणाला, भुयारात शिरू. मी म्हणालो, आधी दूत पाठवू. विनंतीचा श्लोकही जुळवला होता मी, शार्दूलविक्रीडितात!

दत्तू उसळला. "राक्षसालाबी निवेदन? आयुष्यभर सीमाप्रश्नाची निवेदनंच लिहिलीस की रं! कुणी उत्तर धाडलं?"

"भुयारात मरशील."

"मरू दे. आत काय हाय ते तरी बघून मरीन!"

मी दूत धाडला, तो एकटाच भुयारात शिरला. कवड्या टाकल्या, चारही पालथ्या. म्हणजे मरण. आप्पा म्हणाला, पुन्हा टाक. तर दत्तूच नको म्हणाला. चारही पालथ्या... एखादी तरी उताणी पडायला काय हरकत होती?

चपला घालताना हसला. "मेलेल्यानं बसून काय करायचं, आप्पा? येतो."

शाळेत कवितेच्या तासाला मी वर्गात बसल्या बसल्या कुठं कुठं जाऊन यायचो. कुणाची परवानगी लागत नव्हती. आता मनातल्या डोंगरालाही अर्ज करतो. हे कधी झालं? कळलंसुद्धा नाही.

दत्तू गेल्यावर आप्पाला विचारलं, माझ्या दूताचं काय?

"दारात बसवून ठेवलंय," तो म्हणाला. "राक्षस सवडीनं बघणार हाय."