फक्त चेहरा दिसू दे

प्रिय वेस्नाताई,

मुद्दाम मराठीत लिहितेय, म्हणजे हे पोस्टात टाकायचा मोह होणार नाही. काल व्हिडिओ कॉलवर तुमच्या लोव्रेशेजारी मोबाइल धरून बसले होते ती मी, त्याची रेगेन्सबर्गची वरच्या मजल्यावरची शेजारीण.

तुमचा विशीतला मुलगा क्रोएशियातून इथे जर्मनीत फुटबॉल खेळायला येतो, क्लबशी करार जूनमध्ये संपतोय आणि सरावात गुडघ्याचं लिगामेंट फाटतं. "आईला सांगू नका, ती घरी परत ये म्हणेल," म्हणाला. मी शब्द देऊन बसले. कुबड्या सोफ्यामागे टाकल्या. फक्त चेहरा दिसू दे, असं त्याने मला बजावलं.

तुमची भाषा मला कळत नाही; तुम्ही पहिलंच काय विचारलंत, ते त्यानेच नंतर सांगितलं: "आज बसून कसा बोलतोस?" खरंच, फोनवर हा घरभर फिरत असतो, मला वर ऐकू येतं.

मग तो पाण्याची बाटली घ्यायला वळला. तुम्ही माझ्याकडे बघत स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवलात. सांगणार नाही, एवढाच माझा शब्द होता. मोबाइल मात्र खाली केला. त्याच्या गुडघ्यावरचा जाड पट्टा तुम्ही पाहिलात. तो परत वळला, तेव्हा तुम्ही हसून त्याला बहुधा जेवलास का विचारत होतात.

फोन ठेवल्यावर तो खुशीत म्हणाला, "आईला काही कळलं नाही." मीही "गेनाऊ, अगदी बरोबर" म्हणाले.

तेव्हापासून खाली कुबड्या टकटकतायत आणि वर मी फेऱ्या घालतेय. तुम्ही इकडे यायला निघाला असाल, तर मला कळवू नका. माझ्याच्याने लपवणं होत नाही.

वरच्या मजल्यावरची,
अरुंधती