तिसऱ्या गाण्यातली शिट्टी

५ फेब्रुवारी

प्रिय ढब्ब्यास,

आशीर्वाद. मी मजेत आहे. तुझ्या बायकोला सांग, स्वेटर अगदी मापात बसला. ती मापं न घेता विणते कशी, देव जाणे.

तुझं पार्सल मिळालं. एका सीडीवर आपल्या कॅसेटची जशीच्या तशी नक्कल आणि दुसरीवर तू कॉम्प्युटरवर धुऊनपुसून काढलेली. रविवारी दार लावून, नाट्यगृहातला चांगला हेडफोन घरी आणून ऐकल्या. त्या रात्री मैदानावरच्या कार्यक्रमात बाबांचा टेपरेकॉर्डर माझ्या कोटात, माइक बाहीत आणि पहारेकऱ्यांना फुगलेला कोट दिसू नये म्हणून तू माझ्या पुढ्यात. काय एकेक उद्योग केले रे आपण.

तिसऱ्या गाण्यात गिटारची तार तुटते ती जागा मी पुन्हा पुन्हा लावली. दुकानात मिळते त्या रेकॉर्डवर हेच गाणं इस्त्री करून ठेवल्यासारखं आहे. इथे गिटारवाला गप्प होतो, तर बेसवाला आणि ड्रमवाला न डगमगता चालत राहतात. घरातलं एक माणूस आजारी पडलं की बाकीचे त्याची कामं वाटून घेतात, तसे. मग गायक एक ओळ अगदी हळू म्हणतो, त्याचा आवाज फाटतो आणि अख्खं मैदान चिडीचूप होतं. अशी शांतता स्टुडिओत मिळत नाही, ती चोरूनच आणावी लागते.

आणि नेमक्या त्या शांततेत तू, गाढवा, तोंडात बोटं घालून शिट्टी मारली होतीस. किती वर्षं तुला त्यावरून बोलले असेन. या वेळी ती काढून टाकलीस हे झकास केलंस. नकलेतूनही काढलीस, म्हणजे पुरावाच ठेवला नाहीस. लबाड कुठला.

पण ड्रमवाल्याच्या झांजा कुठे गेल्या? धूळ पुसता पुसता भिंतीचा रंग खरवडून काढलास. मला विचारशील तर दोन्ही सीड्यांचा पार बट्ट्याबोळ केला आहेस. पुन्हा नीट केल्याशिवाय आपल्या जुन्या मंडळींना पाठवू नकोस, माझी अब्रू जाईल.

इथे नवं नाटक बसतंय. हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, मी माझ्या बटणांपाशी बसून माइकचा आवाज वाढवून वाढवून दमते. परवा तालमीत नायिकेनं मध्येच कानांवर हात ठेवले आणि माझ्याकडे रोखून बघितलं. नखरे, दुसरं काय. किटलीचीही शिट्टी बिघडली. पाणी आटून बूड जळालं, म्हणून नवी आणली, तर तीही तसलीच निघाली.

तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

प्रिय ढब्ब्यास,

तुझं उत्तर आलं, चारच ओळींचं. ‘ताई, शिट्टी मी काढलेली नाही. दोन्हीकडे आहे. झांजाही आहेत. नीट ऐक.’ तू रागावला आहेस ते कळलं.

मीही चिडले होते. म्हटलं, हा मला ऐकायला शिकवतो? कपाटातून मूळ कॅसेट काढली, प्लेअरचं हेड स्पिरिटनं पुसलं, पट्टा बदलला. तरी शिट्टी नाही. दुसऱ्या दिवशी सगळं नाट्यगृहात नेलं आणि आमच्या दिवेवाल्याच्या कानाला हेडफोन लावला. त्याला काहीच सांगितलं नव्हतं. तार तुटली, ओळ झाली आणि त्यानं एकदम तोंड वाकडं करून हेडफोन कानापासून लांब धरला. “कोण हो हा शिट्टीवाला?” म्हणाला आणि हसायला लागला.

मी हेडफोन त्याच्याकडून घेऊन तीच जागा पुन्हा लावली, मला शिट्टी नाहीच.

म्हणजे नायिकेचे नखरे नव्हते. मी आवाज फार वाढवल्यानं माइक कर्कश किंचाळत होता, सगळ्यांच्या कानठळ्या बसत होत्या आणि ज्या बाईनं तो बंद करायचा ती बटणांवर हात ठेवून शांत बसली होती. नट पुटपुटत नव्हते. किटल्याही धड होत्या रे, दोन्ही.

कानांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. वरच्या पट्टीतले आवाज गेलेत, ते परत येणार नाहीत, उरलेले जपा, असं त्या म्हणाल्या. फार चांगल्या बोलल्या. मी मात्र त्यांच्याशी वाद घालून आले.

शनिवारी पहिला प्रयोग आहे. व्यवस्थापकांना अजून काही बोलले नाही. दिवेवाला म्हणाला, कशाला सांगता, माइक ओरडला की मी वरून हात करतो, तुम्ही खाली घ्या. दोन तालमी तशा निभावल्या. कालच्या तालमीत तो दिव्यांत गुंतला होता. नायिका बिचारी कळवळून थांबली आणि या वेळी तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मला सहन झालं नाही. घरी येऊन रडले. मला दुसरं कुठलं काम येत नाही रे, आणि लोक ‘कानाची पक्की’ म्हणतात यावर मी आजवर तोरा मिरवला. मला भीती वाटते.

हे पत्र पोस्टात टाकून तशीच व्यवस्थापकांच्या खोलीत जाणार आहे. शनिवारी तिथे दुसरं कुणीतरी बसेल. मला काय काम देतील, देतील की नाही, ते कळवीन.

तुला उगाच बोलले. साफ केलेली सीडी खुशाल सगळ्यांना पाठव. फार सुरेख झाली आहे असं दिवेवाला म्हणतो आणि यापुढे मला अशीच दुसऱ्याच्या कानांवर भिस्त ठेवायची सवय करायला हवी. शिट्टीला मात्र हात लावू नकोस.

आणि रजा काढून ये. अगदी जवळून, जोरात मारली तर मला ती अजून ऐकू येईल असं डॉक्टर म्हणतात. आल्या आल्या दारातच मार, शेजारी काय म्हणतील ते म्हणू देत. या वेळी ओरडणार नाही.

वाट बघणारी,
ताई