तुझी तसबीर, तेलरंगात

आई, मी गिरणी सोडली. उमेदीची सगळी वर्षं कापडाच्या रंगखात्यात गेली, आता घरी बसून चित्रं काढतो. कुणाकडे शिकलो नाही, गरजही पडली नाही. नव्या पेठेतल्या दोन दुकानांच्या पाट्या माझ्याच हातच्या. एक अक्षर ओळीबाहेर सापडणार नाही. तुझी सून म्हणते, "गिरणी सुटली, पर रंग काय सुटंना तुमचा!" म्हणू दे. पण पाट्या कुणीही रंगवील. मला माणसांच्या तसबिरी करायच्या होत्या, आणि पहिली तुझी. तुझा फोटो नाही. तुला पाहिलेलं माणूस माझ्याखेरीज आता तुझी थोरली, अक्का, एकटीच. तिनं तुला ओळखलं तर तसबिरींची कामं घ्यायची, नाहीतर उरलेलं आयुष्य पाट्या, असं मनाशी ठरवून बसलो.

हे खूळ तूच लावलंस. मी लहान आहे, नुकत्याच सारवलेल्या भिंतीवर कोळशानं म्हैस काढलीय. तू भाकरी थापता थापता वळतेस, मी मार खायच्या तयारीत. आणि तू म्हणतेस, "शिंगं बैलाची काढलीस की रं. पूस, आन् नीट काढ." तव्यावरची भाकरी तेवढी करपली.

होटगीहून अक्का आली. तसबीर बघितली आणि तोंडाला पदर लावून हसायलाच लागली. "आरं, आई एवढी काळी कुटं हुती? चुलीत घातलीस व्हय तिला?" मी चिडलो. मग ध्यानात आलं. कापड ओलं असताना गडद दिसतं, वाळलं की उतरतं. म्हणून रंगखात्यातला हात आपोआप दोन छटा गडदच कालवतो. तेलरंग मेला वाळून उतरतच नाही! चूक नजरेची नव्हती, सवयीची होती. चेहरा खरवडला, पुन्हा केला. तोवर अक्काला जाऊ दिलं नाही.

काल तिला परत तसबिरीपुढे उभी केली. या खेपेला हसली नाही. पदर सावरून जवळ गेली, आणि बोलली ती माझ्याशी नव्हे, तुझ्याशी. "अशी निवांत कवा बसली हुतीस गं तू?"

झालं तर. पुढच्या महिन्यापासून कामं घेतो.

हे पत्र काही टपालात पडायचं नाही, म्हणून सांगतो. कपाळ, नाक, डोळे माझ्या आठवणीतले, त्यांत तसूभर फरक नाही. हनुवटी मात्र काही केल्या आठवेना. अक्का पडवीत शेंगा फोडत बसली होती, तिची बघून काढली. तिला हे सांगितलं नाही.