शिवरात्रीची भरली रताळी

६ फेब्रुवारी २०२६, शुक्रवार

पहिली आली ती चंपा. शेजारीणच, पण बातमी असली की पुढच्या दारानं येत नाही, परसातून येते. कामशेतच्या बाजारात आमची अनिता दिसली म्हणे, नव्या नवऱ्याबरोबर. "गळ्यात काळी पोत हाय, अन् पोरगी त्याचं बोट धरून चालली व्हती." चंपाला वाटलं मी तोंड पाडीन. मी विचारलं, पोरगी उंच झाली का गं? तर ती आली तशी परसातून गेली!

अनिता माझी सून. माझा निलेश जाऊन तीन वर्षं झाली. दिवाळीनंतर तिनं तळेगावात दुसरं लग्न केलं. केलं ते बरं केलं — पण हे मी इथंच लिहिते. घरात बोलायची सोय नाही. आबांनी (म्हणजे आमचे मालक, सगळं गाव आबा म्हणतं, मग मीही) भरल्या ताटाला हात लावून सांगितलं होतं, त्या माणसाच्या पंगतीला मी जेवणार न्हाई. तेव्हापासून माझी सृष्टी इकडं आलेली नाही. एकुलती नात.

८ फेब्रुवारी, रविवार

अनिताचा फोन! पुढच्या रविवारी शिवरात्र, तिच्या नवऱ्याला, संदेशला, कंपनीत सुट्टी, तिघं येऊ का म्हणाली. मी या या म्हणत सुटले. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आई, आबा त्यांच्यासमोर ताटावरून उठले तर? एकदा तसं झालं की सृष्टीला परत नाही आणायची मी."

तिचं खरं आहे. पोरीला नववं सरलं. तिला सगळं कळतं.

जावई पहिल्यांदा घरी येणार — जावईच म्हणायचं, सून लेकीसारखी असली तर तिचा नवरा माझा कोण? — आणि नेमका उपास. पुरण नाही, आमटी नाही, आमच्या खाचरातला इंद्रायणीचा भातसुद्धा नाही. फार वाईट वाटलं. भाकरी थापता थापता मग एक डोक्यात आलं आणि मी एकटीच हसले. भाकरी करपली.

११ फेब्रुवारी, बुधवार

आबा म्हशीला वैरण टाकत होते, तेव्हा सांगितलं. तिघं येणार आहेत. त्यांचा हात थांबला. मी लगेच म्हटलं, "तुमी जेवणार न्हाई म्हणालाय. शिवरात्रीला जेवतंय कोण? फराळ हाय."

परत वैरण टाकायला लागले. नको मात्र म्हणाले नाहीत.

शब्दाचे पक्के आहेत, तसे उपासाचेही. अन्नाचा कण नाही, हळद नाही, मोहरी नाही. मी नवी नवरी होते तेव्हा भगरीला भात म्हटलं म्हणून केवढे रागावले होते. अन्न वेगळं, फराळ वेगळा, हे त्यांनीच मला शिकवलंय. आता बघू.

१४ फेब्रुवारी, शनिवार

कामशेतला जाऊन रताळी आणली. शिवरात्र म्हटल्यावर रताळ्यांचे ढीग, आणि बायकांची ही झुंबड. मी मधल्या आकाराची, सरळ, तांबड्या सालीची निवडली. जाड असली की आत कच्ची राहतात, बारीक असली की भरायला जागा नाही. येताना जीपमध्ये तिकोणा पेठेची एक बाई शेजारी होती, तिला सगळं सांगितलं, नात येणार म्हणून. तिनं तिच्या नातवाचे फोटो दाखवले. बारा तरी दाखवले असतील. उतरायचं ठिकाण मागं गेलं!

निलेशला नुसती भाजलेली आवडायची. म्हणून यंदा भरलेली करायची. नुसती भाजलेलीच केली तर सगळ्यांना तोच आठवत बसेल, आणि पोरीला दोन घास सुखानं खाता यायचे नाहीत.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र

सावकाश लिहिते. आज काही सुटायला नको.

पहाटे महादेवाला जाऊन आले. मग मागची चूल, जिच्यावर पाणी तापतं, ती पेटवून चांगला फुफाटा केला. रताळी धुऊन सालीसकट त्यात पुरली. अर्धी भाजली की काढायची, उभी चिरायची, आतलं थोडं कोरून घ्यायचं. त्यात दाण्याचं कूट, ओलं खोबरं, मिरची, सैंधव, लिंबू, तूप. हे परत आत दाबून भरायचं, केळीच्या पानात गुंडाळायचं, आणि पुन्हा फुफाट्यात. पान वरून काळं झालं की समजायचं, झालं.

चंपा मदतीला आली होती. मी खोबरं खवत होते, तेवढ्यात तिनं सारणाला फोडणी दिली — मोहरीची, वर हळद! रोजचा हात, गेला डब्यात. सगळं सारण पिवळं. हळद पडली म्हणजे ते उपासाचं राहिलं नाही. उपासाचं नाही म्हणजे फराळ नाही. आणि फराळ नाही तर आबा पंगतीला नाहीत. चंपाला मी एवढंच म्हटलं की बाई, हे तू घरी ने. ती म्हणाली, "माझा पण उपास हाय की गं." मग म्हशीनं खाल्लं. कूट संपलं होतं. उरलेलं खोबरं, गूळ, वेलदोडा, एवढ्यावर गोड सारण केलं.

दुपारी आले. सृष्टी माझ्या खांद्याला लागली! मी तिला धरलं ते सोडेच ना. संदेश दाराबाहेर चपला काढून तिथंच उभा. अनितानं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हटलं, या, पाय धुवा.

ओसरीवर पाट मांडले. आबा आले. बसले. सगळ्यात टोकाला, सृष्टीच्या पलीकडं, पण बसले. मी त्यांच्या बाजूला बघितलंच नाही, नुसती वाढत राहिले. पानं उकलली तसा वाफेचा वास घरभर झाला. फक्त सृष्टी शाळेतलं सांगत होती, मधली सुट्टी, कुणाचा डबा कसा, असलं काहीतरी.

आणि मधेच म्हणाली, "पप्पा, माझं सोलून द्या ना."

संदेशला म्हणाली.

आबांचा हात पानावरच राहिला. अनितानं हातातला घास खाली ठेवला. आता उठतात, उठलेच, असं झालं. निलेशला ती बाबा म्हणायची. हा दुसरा शब्द आहे, पण ऐकणाऱ्याला काय.

संदेशनं तिचं रताळं सोललं नाही. हळूच ते आबांच्या पुढं सरकवलं. म्हणाला, "आबांकडून घे. माझ्या हाताला चटका बसतो."

आबांनी रताळं उचललं. साल काढली, बोटानं तुकडे केले, एकेक तिच्या पुढं ठेवला. संदेशकडं न बघताच बोलले, "तुमीबी फुंकून खावा. आतलं लवकर निवत न्हाई."

तो व्हय म्हणाला. तळेगावचा माणूस, पण व्हय म्हणाला.

जाताना अनिताची ओटी भरली. ती माझ्या गळ्यात पडून रडली, मीही. परत कधी, ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. आबा तोवर शेताकडं निघून गेले होते.

१६ फेब्रुवारी, सोमवार

उपास सोडला. आबा जेवले आणि तडक शेताकडं गेले. शब्द पाळला म्हणून समाधान आहे का मोडल्यासारखं वाटतंय, कळत नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

चंपा विचारत होती, परत कधी येणार? मी विषय बदलला. दिवसभर कामाला हात लागेना.

२२ फेब्रुवारी, रविवार

आबांनी सकाळी माझा फोन मागितला. नंबर मलाच लावायला लावला, आणि उभ्यानंच बोलले. "संदेशराव, चैत्रात वद्य पंचमीला निलेशची तिथी हाय. त्या दिशी भात असतो. जेवायला या."

राव म्हणाले.

पंचमीला येणार आहेत. तिघं.