सेव्हन मॅग्नम माझ्या पश्चात कोणाकडे जावी

मी, आर्डिस ब्रेकी, वय वर्षे शहात्तर, कै. लाईल ब्रेकी यांची पत्नी, राहणार कॉटनवुड बेंड, मोंटाना, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. लांबून हरीण मारायला कोणतं काडतूस घ्यावं, हे मात्र विचारलं नाही. विचारलं असतं तर दाखला मिळाला नसता. याआधीची दोन मृत्युपत्रं मी रद्द करत आहे. दोन्ही वेळा मी सेव्हन मॅग्नम या बंदुकीपाशीच अडले होते.

कलम १. राहतं घर आणि मागची शेड माझी मुलगी जोलीन हिला. ती विकणार, हे मला ठाऊक आहे. विकू दे. फक्त तळघरातल्या फ्रीजरमधलं हरणाचं मांस फेकू नये. माझ्या अंत्यविधीला येतील त्यांना त्याचं स्ट्यू करून वाढावं. कांदा भरपूर घालावा, जोलीन घालते तेवढा नव्हे.

कलम २. शेडमधलं काडतुसं भरायचं यंत्र, दारू मोजायचा छोटा तराजू आणि लाईलच्या वह्या जोलीनची मुलगी मॅरेन हिला. लाईलचं अक्षर तिला लागणार नाही. मलाही अर्धंच लागतं.

कलम ३. बंदुका तीन आहेत. लाईलची टू-सेव्हंटी, मी नंतर घेतलेली क्रीडमूर आणि सेव्हन मॅग्नम. तिसरी माझी नव्हे. ती माझ्याकडे कशी आली ते लिहिल्याशिवाय ती कोणाला द्यायची हे मला ठरवता येत नाही, म्हणून लिहिते.

मेन स्ट्रीटवरच्या हार्डवेअरच्या दुकानात मी एकतीस वर्षं काडतुसांच्या काउंटरमागे उभी होते. हंगाम तोंडावर आला की बाप्ये येऊन काउंटरवर कोपरं टेकायचे आणि तेच विचारायचे : चारशे, पाचशे यार्डांवरून हरीण पाडायचं तर काय घेऊ? मी उत्तर द्यायची. न अडखळता द्यायची. हलकी गोळी वेगात जाते पण वारा तिला ढकलतो, जड गोळी वाऱ्याला दाद देत नाही पण धक्क्याने झाडणाऱ्याचा खांदा फोडते, हे सगळं मला तोंडपाठ होतं. मी स्वतः दोनशे यार्डांच्या पलीकडे कधीच चाप ओढला नव्हता. हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

अठ्ठ्याण्णव सालच्या ऑक्टोबरात माझा धाकटा दीर बर्डेल दुकानात आला. लाईल तिथेच स्टुलावर बसला होता.

"वहिनी, त्या ड्राय फोर्कच्या घळीपलीकडे एक मोठा नर बघून ठेवलाय. जवळ जाताच येत नाही, सगळं उघडं रान. पाचशे यार्ड तरी असेल. काय देतेस?"

"टू-सेव्हंटी आहे ना तुझ्याकडे? मग झालं तर," लाईल म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो," मी म्हणाले. "भावोजी, पाचशेवर टू-सेव्हंटी खाली येते फार. सेव्हन मॅग्नम घ्या. सरळ जाते."

"अगं, त्याची देहयष्टी बघ!" लाईल हसला. "पहिल्या गोळीच्या धक्क्याने उलटा पडेल तो."

बर्डेलला हे लागलं. तो लाईलपेक्षा वीतभर बुटका. त्याने मॅग्नमच घेतली, दोन डबे काडतुसं घेतली, आणि आठवड्याने येऊन सांगितलं की वीस गोळ्या झाडून नेम पक्का केलाय.

हंगामाच्या दुसऱ्या दिवशी तिघं गेलो. दुपारचं ऊन होतं, घळीवरून वारा वाहत होता. नर आडवा उभा राहिला. बर्डेलने पोटावर पडून नेम धरला. आवाज झाला आणि नर मागच्या पायावर बसला. मग उठला आणि तीन पायांवर टेकडीआड गेला.

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही बर्फावरचं रक्त शोधत होतो. तो ओढ्याकाठच्या झुडपांत सापडला. जिवंत होता. मान वर करून आमच्याकडेच बघत होता. पळायचा प्रयत्नही केला नाही त्याने. बर्डेलला बंदूक उचलवेना. लाईलने वीस पावलांवरून टू-सेव्हंटीने संपवलं.

संध्याकाळी बर्डेलने मॅग्नम माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवली. "वहिनी, ही तुझी. तू म्हणालीस म्हणून घेतली होती." त्यानंतर तो शिकारीला गेला नाही आणि आमच्या घरीही आला नाही. नाताळला कार्ड यायचं, त्यावर फक्त लाईलचं नाव.

एकोणीस साली लाईल गेला. जायच्या चार दिवस आधी, दवाखान्यात, माझा हात धरून म्हणाला, "आर्डिस, बर्डेलची ती रायफल... हंगामाच्या आदल्या दिवशी मी बघायला घेतली होती. पिकअपच्या फळीवरून घसरली, दगडांवर पडली. नेमाच्या दुर्बिणीवरच आपटली. मी पुसून परत ठेवून दिली."

"आणि बोलला नाहीत?"

"तुझं काडतूस चुकीचं ठरलं, तेव्हा थोडं बरं वाटलं मला. मग बोलायला फार उशीर झाला."

त्या हंगामानंतर एकवीस वर्षं या माणसाच्या शेजारी मी जेवले. त्याच्यावर ओरडावं की रडावं हे मला कळेना. मी त्याची उशी सारखी केली. तेव्हापासून मी विचार करते आहे. दुर्बीण हलली होती, की धक्क्याच्या भीतीने बर्डेलने डोळे मिटले, की वारा, की माझं काडतूस? रोज उत्तर वेगळं येतं.

कलम ४. (खोडलेलं) या कलमात लिहिलं होतं की वरचा मजकूर माझ्या मृत्यूनंतर बर्डेलला वाचून दाखवावा. वकीलबाई कॉर्लिस रेनर यांनी तो वाचला आणि चष्मा काढला. "आर्डिस, ते अठ्ठ्याहत्तरचे आहेत. आधी तुम्हीच जाणार, हे कोणी ठरवलं?"

म्हणून गेल्या शनिवारी मी गाडी काढून त्याच्याकडे गेले. तो अंगणात लाकडं रचत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्याने हातातला ओंडका ढिगावर नीट बसवला.

"वीस गोळ्या नव्हत्या, वहिनी," तो म्हणाला. "तीन. तिसरीला खांदा असा दुखला की बंदूक पेटीत टाकली. नेम कुठे लागतोय ते बघितलंच नाही मी. लाईल हसेल म्हणून वीस सांगितल्या."

"मग मला का बोल लावलात?"

"कोणाला तरी बोलायलाच हवं होतं."

"सव्वीस वर्षं, भावोजी!"

"हो ना. मोजली आहेत मी." मग तो म्हणाला, "आत ये. बाहेर गारठा आहे."

आम्ही कॉफी प्यायलो. चूक कोणाची ते ठरलं नाही. मी घरी आले तेव्हा आधीपेक्षा जास्त गोंधळले होते, पण जेवण पोटभर गेलं.

कलम ५. मॅरेन मला दर आठवड्याला विचारते, "आजी, चारशे यार्डांना नेमकं कोणतं?" एकतीस वर्षं हेच सांगून पोट भरलेल्या बाईला आता ते सांगता येत नाही. म्हणून टू-सेव्हंटी, क्रीडमूर आणि सेव्हन मॅग्नम, तिन्ही तिला देत आहे. अट एकच. हंगामाआधी तिन्ही घेऊन वाऱ्याच्या दिवशी माळावर जायचं, जेवणाच्या ताटाएवढा पत्रा उभा करायचा आणि प्रत्येक बंदुकीने शंभर पावलांवरून, बसून, पाच गोळ्या झाडायच्या. पाचही लागल्या तर पन्नास पावलं मागे सरकायचं. ज्या अंतरावर पहिली चुकेल, तिथून पन्नास पावलं पुढे येऊन थांबायचं. त्या बंदुकीचं तिच्या हातातलं अंतर तेवढंच, डब्यावर काहीही छापलेलं असो. त्यापलीकडे हरीण दिसलं तर चालत जवळ जायचं. गेलं पळून तर जाऊ द्यायचं. बंदूक कुठेही आपटली, कोणाच्याही हातून, तर त्याच दिवशी तसं सांगायचं.

हे बरोबर आहे की नाही, मला खात्री नाही. पण यापेक्षा बरं मला सुचलं नाही.

कलम ६. सेव्हन मॅग्नम बर्डेलला परत द्यावी असं माझ्या मनात होतं. परंतु साक्षीदार म्हणूनही मला तोच हवा होता, आणि वकीलबाई म्हणतात की ज्याला काही मिळायचं आहे त्याने साक्षीदार म्हणून सही न करणं बरं. मी बर्डेलला फोन करून विचारलं, बंदूक हवी की सही करणार? तो म्हणाला, "सही करायला तुझ्या घरी यावं लागेल ना?" मी हो म्हणाले. "मग बंदूक पोरीला दे."

त्यामुळे बर्डेल ब्रेकी यांना या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही.

येथवरचा मजकूर मी पुन्हा वाचला असून खाडाखोड माझीच आहे. खालील दोघांसमोर, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, सही करत आहे.

आर्डिस ब्रेकी

साक्षीदार :
१. कॉर्लिस रेनर, वकील
२. बर्डेल ब्रेकी, दीर (सकाळीच आले. सही दुपारी केली.)

स्थळ : कॉटनवुड बेंड, मोंटाना
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२४